महिपतचे शब्द आणि खाडीचा बांध

मनुष्याला अन्नाच्या खालोखाल कशाची निकड असेल, तर ती अर्थासहित इंग्रजी शब्दांची. हे सत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावाला उमगले आणि गावाने महिपतला मिठागरावरून उचलून ठाण्याला पाठवले.

तेथे टेंभी नाक्यापाशी एक पेन्शनर कारकून शब्द शिकवीत. पद्धत शास्त्रीय होती. मांडी घालायची, पुढेमागे डोलायचे आणि खड्या आवाजात म्हणायचे: अबँडन म्हणजे सोडून देणे, अबेट म्हणजे ओसरणे, अबंडन्स म्हणजे विपुलता. वाक्ये शिकवत नसत. (वाक्य करणे हे राज्यकर्त्यांचे काम, रयतेने कच्चा माल पुरवावा.) महिपत झेडपर्यंत पोचून परतला, तेव्हा गावातील इंग्रजी जाणणाऱ्यांचे प्रमाण शून्यावरून एकावर गेले. एवढी भरभराट मिठाचीही कधी झाली नव्हती.

गावाने या विद्येचे चीज केले. बारसे असो की लग्न, महिपतचे शब्द हवेतच. एका तेराव्याला त्याने म्हटलेले ‘अबँडन’ ऐकून विधवेला हुंदका आवरेना, असे सांगतात.

पुढे खाडीच्या बांधाला भगदाड पडू लागले. पौर्णिमेचे उधाण तोंडावर आले होते आणि बांध गेला तर सगळी मिठागरे जाणार, त्यात महिपतचे पहिले. मोठा साहेब फिरतीवर कल्याणला तंबू ठोकून होता. त्याने हुकूम दिला तर दगड आणि माणसे तासाभरात मिळाली असती. निघताना महिपतची बायको तुळसा म्हणाली, “बांद फुटला त मीठ ग्यालं. साहेबाला नीट सांग.”

तंबूत साहेबाने स्वच्छ मराठीत विचारले, “बोला, आपली काय अडचण आहे?” (मराठीची परीक्षा दिल्याशिवाय साहेबाला बढती नसे.)

सोबत आलेल्या गावच्या गोपीनाथ पाटलांना हा गावाचा अपमान वाटला. ते ताठ उभे राहिले. “साहेब, आमचे गावान इंग्रजीवाला हाय. तो सांगल.”

महिपत पुढे झाला. बांधाचा ‘एम्बँकमेंट’ हा शब्द ईमध्ये होता, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण सत्तावीसचा पाढा जसा कोणी मधूनच धरत नाही, तसे हे शब्द मधूनच येत नसत. त्याने डोळे मिटले आणि अबँडनपासून सुरुवात केली.

साहेब आधी चकित झाला, मग डोलू लागला. बी संपता संपता त्याने घड्याळ पाहिले. सीच्या मध्यावर टाळ्या वाजवल्या, महिपतच्या शब्दसंग्रहाबद्दल सही-शिक्क्याचा दाखला दिला आणि पुढच्या अर्जदाराला बोलावले.

महिपत दाखला हातात घेऊन जागीच थांबला. ‘साहेब, बांध फुटतोय’ हे अगदी जिभेवर आले होते. त्याने मागे पाहिले. पाटलांची छाती अभिमानाने फुगली होती. त्याने वाक्य गिळले.

“सांगलंस कं?” घरी तुळसाने विचारले.

“सीपर्यंत,” महिपत म्हणाला.

पौर्णिमेला बांध गेला. वर्षाचे मीठ जिथून आले तिथे परत गेले. तुळसा रिकाम्या मिठागरात उभी राहून रडली आणि ओरडलीही, “मना नेली असती त मी मराठीन बोंबलली असती!”  ती खरे बोलत होती, आणि महिपतला ते फार लागले.

गावाने बैठक भरवून निष्कर्ष काढला: शब्द कमी पडले. दाखला चावडीवर लावण्यात आला आणि आणखी चार मुलगे ठाण्याला रवाना झाले.

आता मिठागरांच्या जागी टोलेजंग इमारती आहेत. उधाणाला खाडीचे पाणी पार्किंगमध्ये शिरते. सोसायटीची तक्रार अर्थातच इंग्रजीत जायची असते. ज्या साहेबाकडे जायची, तो चिपळूणचा. मागच्या सभेत मसुद्यातला एक शब्द भारदस्त वाटेना, म्हणून तक्रार पुढच्या महिन्यावर गेली.

हरकत तुम्हीच घेतली होती ना?