पयले वाळूवर हारा

आमच्या विसरवाडीत सुभेदार आप्पांशी वाद घालायचा तर आधी हरावं लागतं. लष्कराच्या तिन्ही दलांची कमांड एक करावी की नको, यावर फाट्यावरच्या चहाच्या टपरीत कुणी तोंड उघडलं की आप्पा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "पयले वाळूवर हारा, मंग फौज मोडा."

ही वाळू त्यांच्या घरी आहे, जुन्या दाराच्या फळीवर पसरलेली. त्यात बोटाने काढलेली नदी, मुठीने दाबलेले डोंगर. भुईमुगाच्या शेंगा म्हणजे आपली फौज, वाळल्या लाल मिरच्या म्हणजे शत्रू आणि आप्पांच्या बायकोची, आमच्या काकूंची, पितळी कुंकवाची डबी म्हणजे आपलं मुख्यालय. नोकरीत असे डाव आप्पांनी साहेबांसाठी मांडले. निवृत्तीनंतर शत्रूच्या बाजूला काकू बसू लागल्या. "शत्रूनी खरंखुरं खेळाले पाहिजे," हा आप्पांचा नियम. काकूंनी तो इतका पाळला की आप्पा एकदा तरी जिंकल्याचं मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर काकूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात हलवत राहा, नाहीतर आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं आणि दाबायला रबरी चेंडू दिला. काकूंनी तो डाव्या हाताने अंगणात फेकला. "गया ते गया हात," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. मला फार वाईट वाटलं. आप्पांचा रागही आला, कारण हा गृहस्थ त्याच आठवड्यात फौजेची फेररचना घेऊन बसला.

फेररचना तरी कसली, मुख्यालय दर आठवड्याला मागे. आधी नदीकाठी, मग नदीपलीकडे, मग डोंगराआड. टपरीवर मी म्हटलं, "आप्पा, मी शाळेत भूगोल शिकवतो. इतक्या लांबून हुकूम पोचायचे कधी?"

"मुख्यालय मांगेच जाई," आप्पा म्हणाले. सगळे हसले. आप्पा तसूभर हलले नाहीत.

रविवारी सकाळी मी नकाशाची गुंडाळी घेऊन त्यांचं म्हणणं खोडून काढायलाच गेलो. फळी काकूंच्या खाटेला लावलेली होती. आप्पा पाठीशी हात बांधून उभे. काकूंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत मिरचीचा देठ होता आणि हात थरथरत होता. नदीपाशी मिरची पडली. मी उचलायला वाकलो.

"शत्रूले मदत करू नका, मास्तर," आप्पा म्हणाले.

काकूंनी ती पुन्हा धरली, वाळूतून ओढत डोंगराआड नेली आणि डबीला टेकवली.

"हारनात," काकू म्हणाल्या.

"हारनु," आप्पा म्हणाले. हरल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. नकाशा मी बगलेतच ठेवला.

आप्पांनी वीत मोजली आणि डबी आणखी मागे, फळीच्या काठाशी नेऊन ठेवली.

"इतलं लांब?" काकू कुरकुरल्या.

"शत्रूले इचारीसन फौज हालाडतस का?"

काकूंचा उजवा हात दुसऱ्या मिरचीकडे निघाला होता.