‘सोनेरी नांगर’मधले आजारी पाहुणे

डॉर्कस पेटिंगिलने सकाळपासून पुढच्या खोलीची लाकडी जमीन दोनदा वाळूने घासली होती, आणि तिसऱ्यांदा घासावी की काय या विचारात ती उभी होती. ‘सोनेरी नांगर’ ही सराई तिच्या वडिलांनी बांधलेली. बॉस्टनला जाणाऱ्या रस्त्यावर ती बेचाळीस वर्षं उभी होती आणि एकाही वाटसरूला तिथून परतवून लावलेलं नव्हतं. हे डॉर्कस नव्या माणसाला पाच मिनिटांत सांगे, आणि जुन्याला पुन्हा सांगे.

आज गावपंच सराईचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा, ते ठरवायला येणार होते. एरवी तो कागद हसतखेळत मिळायचा. यंदा मात्र शेजारचे, चर्चचा कारभार पाहणारे डीकन हॅस्कल आडवे आले होते. या सराईतून माणसं झिंगून बाहेर पडतात, अशी त्यांची तक्रार. गावातल्या दारुड्यांची यादी त्यांनीच वळणदार अक्षरात लिहून सराईच्या दारामागे ठोकली होती. यादीतल्या माणसाला घोटभरही द्यायचं नाही, असा कायदाच होता. थोरले पंच कॅप्टन विंगेट बजावून गेले होते, “आम्ही येऊ तेव्हा एक जरी झिंगलेला दिसला, तर परवाना गेला म्हणून समजा.”

“अहो, सफरचंदांचा चोथा पुरलात ना?” डॉर्कसने नवऱ्याला विचारलं. सायडर, म्हणजे सफरचंदांची दारू, गाळून उरलेला ढीग कोठारामागे आंबत पडला होता.

“उद्या नक्की पुरतो,” एलिफलेट म्हणाला.

“चार दिवस झाले तुमच्या उद्याला!”

तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. एक डुक्कर अंगणातून येत होतं. त्याचे चार पाय चार दिशांना निघाले होते आणि तोंडाला चोथा लागला होता. कानापर्यंत चिखलाने माखलेलं ते धूड पायरीवर आलं, बसलं आणि तिथेच आडवं होऊन घोरू लागलं.

“आपलंच ते! कुंपण बांधा म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला?”

“आता ओरडून काय उपयोग? ते बघ, वळणावर पंच दिसतायत!”

डुकराला मागे न्यायचं तर अख्खं अंगण ओलांडावं लागणार, तेही पंचांच्या डोळ्यांदेखत. सगळ्यात जवळ होती पाहुण्यांची खोली.

“माझ्या आईच्या पिसांच्या गादीवर?” डॉर्कसचा आवाज चिरकला.

“मग सोडतेस परवाना?”

दोघांनी दोन-दोन पाय धरले. डॉर्कसने डुकराच्या डोक्यावर झोपायची टोपी कानाखालपर्यंत ओढली, गोधडी नाकापर्यंत घेतली, आणि हात पुसत हसतमुखाने दार उघडलं.

पंच कोंबडीची पाई जेवले. डीकनही दोनदा वाढून घेऊन जेवले. मग कॅप्टननी कागद काढला. “वाटसरूला अन्न, पेय आणि बिछाना, एवढं सराईने द्यायला हवं. अन्न झकास, पेय उत्तम. आता बिछाना दाखवा.”

“तिथे एक पाहुणे आजारी आहेत हो,” डॉर्कस म्हणाली. त्याच क्षणी आतून असा घोरण्याचा आवाज आला की फळीवरच्या थाळ्या थरथरल्या.

“कोण पाहुणे? नाव काय?” डीकननी कान टवकारले.

“नाव सांगायच्या अवस्थेत नाहीत ते,” एलिफलेट प्रामाणिकपणे म्हणाला.

“म्हणजे झिंगलेत!” डीकन उठलेच. त्यांनी तरातरा आत जाऊन गोधडी खेचली, टोपी उपटली आणि विजयी आरोळी ठोकली. “डुक्कर! तेही प्यालेलं! कॅप्टन, फाडा तो परवाना!”

वडिलांची बेचाळीस वर्षं, आणि शेवट एका डुकरापायी! डॉर्कसने रागाने त्या जनावराकडे पाहिलं, आणि ती पाहतच राहिली. टोपी उपटताना कानांवरचा चिखल निघून आला होता. पेटिंगिलांच्या डुकरांचा डावा कान शेंड्याला छाटलेला असे. इथे डावा कान धडधाकट होता. उजव्या कानाला मात्र मधोमध खाच होती. गावात प्रत्येक शेतकऱ्याची कानखूण वहीत नोंदलेली होती आणि सगळ्यांना ती तोंडपाठ होती.

डॉर्कसने पाठ ताठ केली. “कॅप्टनसाहेब, उजवा कान बघा. खूण कुणाची?”

कॅप्टन वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले, कारण त्यांना हसू दाबायचं होतं. “डीकन, ही तर तुमची!”

तेवढ्यात मागच्या डुकरखान्यातून पेटिंगिलांचं स्वतःचं डुक्कर दुपारच्या खाण्यासाठी ओरडायला लागलं होतं.

“आमचं डुक्कर ते तिकडे ओरडतंय,” डॉर्कस म्हणाली. “हे बाहेरून आलं. त्याने पोटभर खाल्लं, प्यायलं, आणि त्याला घरातला सगळ्यात चांगला बिछाना मिळाला. माझ्या वडिलांच्या दारातून आजवर कुणीही परत गेलेलं नाही, कॅप्टनसाहेब. आता सांगा, कायद्याचं काय राहिलं?”

कॅप्टननी तिथल्या तिथे सही केली. मग तीच लेखणी घेऊन ते दारामागे गेले आणि डीकनांच्या वळणदार अक्षरांखाली त्यांनी आपल्या ओबडधोबड अक्षरांत भर घातली: ‘डीकन हॅस्कल यांच्या घरचे एक. यापुढे देऊ नये.’

लालबुंद झालेले डीकन डुकराचा पाय धरून ओढायला लागले.

“राहू द्या, डीकनसाहेब,” डॉर्कसने त्यांचा हात बाजूला केला. “‘सोनेरी नांगर’मध्ये पाहुण्याला झोपेतून उठवून घालवत नाहीत.”

आणि तिने गोधडी पुन्हा नाकापर्यंत ओढून नीट खोचली.