वाजवून बघणारा स्तोयान

स्तोयान कुठलीही वस्तू नुसती बघत नाही, वाजवून बघतो. न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला आमच्या शेजारी राहायला आला त्याच दिवशी तो ओळख करून घ्यायला आला. बेल दाबायच्या आधी त्याने आमचा लेटरबॉक्स, कचऱ्याचा डबा आणि माझ्या गाडीचं बॉनेट बोटांनी वाजवून घेतलं. मी दार उघडलं. "मी ड्रम वाजवतो, आवाज होईल, म्हणून आधीच माफी मागायला आलोय," असं त्याने सांगितलं. जाता जाता आमचा कचऱ्याचा डबा उत्तम सुरात आहे, असंही सांगून गेला.

कलिंगड वाजवून घेणारे आपण सगळेच. हा कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाची बाटलीही वाजवून घेतो. माझ्या बायकोने, मृदुलाने, एकदा त्याला जेवायला बोलावलं तर त्याने आमटीच्या पितळी पातेल्यावर टिचकी मारली आणि डोळे मिटून घेतले. मृदुला खूश झाली. तिला वाटलं, वासाने भूक लागली.

स्तोयान बल्गेरियाचा. तिशीसुद्धा गाठलेली नाही. आजोबा गावातल्या लग्नांमध्ये ढोल वाजवायचे, त्यांच्या मांडीवर हा शिकला. मग सोफियाला जाऊन तालवाद्यं शिकला, ऑर्केस्ट्रा चालवायला शिकला आणि संगीतरचनेची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून वेलिंग्टनला आला. शिष्यवृत्ती संपली, हा राहिला. दिवसा शाळांमध्ये मुलांना ड्रम शिकवायचा आणि सोमवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये इथल्या हौशी मंडळींचा ऑर्केस्ट्रा चालवायचा. त्या ऑर्केस्ट्रात एक निवृत्त डेंटिस्ट चेलो वाजवायचे, एक प्लंबर ट्रॉम्बोन वाजवायचा, आणि बाकीच्यांची वाद्यं त्यांच्यापेक्षा वयाने लहान होती.

त्यात बल्गेरियन लोक 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात. डेंटिस्ट विचारायचे, आता बरोबर आलं का? स्तोयान आनंदाने आडवी मान हलवायचा. ते बिचारे घाम पुसून पुन्हा वाजवायचे. असं एकदा चहाची वेळ टळेपर्यंत चाललं होतं. आमच्या नानांना मात्र त्याची मान पहिल्याच दिवशी कळली, कारण नानांचीही 'हो' म्हणताना तशीच हलते.

नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर पुण्याहून काही महिने आमच्याकडे आले होते. मी आणि मृदुला ट्रेनने ऑफिसला जायचो, आमची मुलगी ईरा शाळेतून आली की नानांच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देऊन खोलीत जायची. नाना दुपारभर कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचे. पुण्यात सोसायटीच्या भजनाला तबल्यावर तेच असत. एका दुपारी पलीकडच्या गॅरेजमधून सात मात्रांचं काहीतरी ऐकू आलं आणि नानांनी इकडून मांडीवर रूपक धरला. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. पलीकडचा आवाज थांबला. कुंपणावर स्तोयानचं डोकं उगवलं.

त्यानंतर नानांची खुर्ची त्याच्या गॅरेजमध्ये गेली. नानांचं इंग्रजी बँकेच्या काउंटरपुरतं, त्याचं मराठी शून्य. तरी भांडण जोरात चालायचं. याचे सात दोन-दोन-तीन असे पडायचे, नानांचे तीन-दोन-दोन. मी ऑफिसातून परतलो की दोघं बोटं मोजत एकमेकांना चूक ठरवत असायचे. "सात आहेत ना? मग भांडता कशाला?" असं मृदुलाने एकदा विचारलं, तर दोघांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती चहा ठेवायला निघून गेली.

स्तोयानने ऑर्केस्ट्रासाठी स्वतःची रचना लिहिली होती, सातांतच. पण मंडळींना जन्मभर आठाची सवय. दर वेळी एक मात्रा उरायची, ताटलीतल्या शेवटच्या भज्यासारखी. ती कुणी घ्यायची ते ठरत नसे. कार्यक्रम जवळ आला आणि कमिटी म्हणू लागली की हे राहू दे, काहीतरी ओळखीचं वाजवू. त्या सोमवारी नाना तालमीला गेले. त्यांनी उभं राहून सगळ्यांना हाताने रूपक दाखवला. पहिल्या मात्रेला टाळी नाही, नुसता हात बाजूला. ती रिकामी. स्तोयान बघत राहिला. मग त्याने सगळ्यांना पहिल्या मात्रेवर वाजवूच नका, फक्त श्वास घ्या, असं सांगितलं. आणि पहिल्यांदाच सगळे एकत्र सुरू झाले.

कार्यक्रमाला नाना नव्हते. व्हिसा वाढवून मिळाला असता, पण घर फार दिवस बंद ठेवलं की नळ रुसतात, असं म्हणून ते पुण्याला निघून गेले. रचना छान झाली. अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला, डेंटिस्टांनी डोळे पुसले. नंतर ज्याची-त्याची मुलं, नातवंडं फुलं घेऊन आली आणि एकेक गाडी निघून गेली. आम्ही शोधायला गेलो तेव्हा स्तोयान एकटाच खुर्च्या एकावर एक रचत होता. एकही वाजवून बघत नव्हता.

काही आठवड्यांनी त्याने कुंपणावरून बातमी दिली. शहरातल्या मोठ्या ऑर्केस्ट्राने त्याची रचना घेतली होती, शिवाय साहाय्यक कंडक्टरची नोकरीही देऊ केली होती. मृदुलाने शनिवारी दुपारी शिरा केला आणि मी वाटी घेऊन गेलो.

दार उघडंच होतं. आत कुकरची शिट्टी झाली. मला नवल वाटलं, कारण स्तोयानकडे कुकर नाही. पुढे गेलो तर टेबलावर फोन उभा करून ठेवलेला आणि त्यात आमचं पुण्याचं स्वयंपाकघर. तिथे सकाळ होती. नाना पाठमोरे बसून मटार सोलत होते. इकडे स्तोयान कागदावर सूर लिहीत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणी काही बोलत नव्हतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्तोयानने ओठांवर बोट ठेवलं. "हळू," तो इंग्रजीत पुटपुटला, "ते कामात आहेत."

रोज असं असतं का, मी खुणेने विचारलं. त्याने आडवी मान हलवली.

माझी चाहूल लागली असावी. नानांनी मागे न बघता विचारलं, "कोण आलंय रे?"

"शेजारी," स्तोयानने स्वच्छ मराठीत सांगितलं.

"बरं," नाना म्हणाले आणि पुढची शेंग घेतली.

मी वाटी टेबलाच्या कडेला ठेवली आणि जाताना दार आवाज न करता ओढून घेतलं.