लेबलाखालची ओळ

हिम्मतरावांची नात संध्याकाळी सहाला रडायला लागायची आणि आठला थांबायची. अठरा दिवसांच्या त्या जिवाला घड्याळ कळत नव्हतं, पण हिम्मतरावांना कळत होतं, आणि विद्यानगरच्या त्या तीन खोल्यांत सगळी पंचाईत तिथेच होती.

"अहो, उगीच परेशान नका होऊ," सुशीलाबाई म्हणायच्या. "लेकरू आहे, रडणारच. आपली प्रणिता पण अशीच तिन्हीसांजेला रडायची. तुम्ही दुकानात असायचा, तुम्हाला काय माहीत?"

हे मात्र खरं होतं. सुलतान बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात हिम्मतरावांनी पस्तीस वर्षं गादीवर बसून साड्या उलगडल्या होत्या. बघायला आलेलं गिऱ्हाईक घेऊनच जाणार, अशी त्यांची ख्याती होती. त्या नादात पोटच्या पोरीचं लहानपण हातून निसटलं. आता निवृत्त झाल्यावर, बाळंतपणाला आलेल्या लेकीचं आणि नातीचं काही म्हणजे काही चुकवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आणि हल्ली माणसाने मनाशी काही ठरवलं की त्याच्या फोनला ते आधी कळतं.

फोनवर व्हिडिओ आला. 'आईचं दूध बाळाला पुरत नाही, हे ओळखायच्या तीन खुणा.' बाळ संध्याकाळी रडतं. बाळ सारखं प्यायला मागतं. बाळ मूठ चोखतं. हिम्मतराव लगबगीने पाळण्याशी गेले आणि चष्मा लावून वाकले. बाळ मूठ चोखत होतं. तिन्ही खुणा जुळल्या! कुठल्याही पाळण्यात डोकावले असते तरी जुळल्या असत्या, पण दुसरा पाळणा घरात नव्हता.

व्हिडिओखाली नंबर होता. पलीकडून कुणी शर्वरी मॅडम बोलल्या, आहार सल्लागार. आवाज खडीसाखरेसारखा.

"काका, यात आईची काहीच चूक नाही हं. आजकाल ताण इतका असतो, दूध कमी पडतंच. फक्त, बाळ आत्ता उपाशी राहिलं आणि उद्या मेंदूच्या वाढीवर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. हिम्मतरावही वाक्य असंच सोडत असत. "ताई, घ्या ती साधी साडी, माझी हरकत नाही. फक्त उद्या मांडवात चार बायका बघतील तेव्हा..." एवढंच म्हणायचं आणि पानाचा डबा उघडायचा, पुढचं गिऱ्हाईक आपलं आपण म्हणतं. पण आयुष्यभर गादीवर बसलेला माणूस एकदा गादीसमोर बसला की त्याला आपलीच विद्या ओळखू येत नाही. हिम्मतरावांच्या डोळ्यांसमोर नातीचा मेंदू उभा राहिला, आणि तोही उपाशी.

तिसऱ्या दिवशी 'शिशुकांचन'चा डबा घरी आला. सोनेरी, तालेवार डबा. वर लालभडक लेबल: 'भेट! खुळखुळा मोफत!' खुळखुळा घेऊन आलेल्या माणसाने एका फॉर्मवर सही मागितली. फॉर्म बारीक इंग्रजीत होता. हिम्मतरावांनी झोकात सही ठोकली.

"नाना, हे काय आणलंत?" प्रणिता म्हणाली. "डॉक्टरने सांगितलंय ना, सहा महिने ओन्ली फीडिंग. पाणी पण नाही."

"तुझी डॉक्टर संध्याकाळी सहाला येते का इथे? एक बाटली देऊन बघू. नक्को टेन्शन घेऊ."

"अळिवाची खीर करतेय, डिंकाचे लाडू करतेय, लेक पोटभर पाजतेय," सुशीलाबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "नातीचं वजन वाढतंय. कशाला हवा तो डबा?"

"तुझ्या लाडवावर कुठे लिहिलंय मेंदूचं?"

लाडवावर खरंच काही लिहिलेलं नव्हतं. प्रणिताची अठरा-वीस दिवसांची झोप थकीत होती. तिने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पदराकडे, आणि हळूच विचारलं, "आई, खरंच पुरत नसेल का गं माझं?" तोवर हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता. डब्यातून घरात पहिल्यांदा काय बाहेर पडलं असेल, तर तो प्रश्न.

बाटली दिली आणि बाळ तीन तास गाढ झोपलं. हिम्मतराव निवडणूक जिंकल्यासारखे घरभर फिरले. मग संध्याकाळच्या बाटलीला दुपारची जोड मिळाली, दुपारच्या बाटलीला सकाळची. पोट भरलेलं बाळ आईकडे कमी प्यायचं. कमी प्यायलं म्हणून दूध कमी यायचं. कमी आलं म्हणून बाटली वाढायची. दुकान दुपारचं बंद ठेवलं की बांधलेलं गिऱ्हाईक तुटतं, हे हिम्मतराव नव्या सेल्समनना शिकवत असत. घरात तेच चाललं होतं आणि ते बाटल्या उकळत होते.

पंधरा दिवसांनी प्रणिताने बाळाला जवळ घेतलं, तर बाळाने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. तिने बाळ सुशीलाबाईंकडे दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

नेमक्या त्याच दुपारी शर्वरी मॅडमचा फोन आला. "काका, तुमच्यासारखे जाणते आजोबा व्हिडिओत दोन शब्द बोलले तर किती आयांचं भलं होईल!" जाणता म्हटल्यावर हिम्मतराव हवेत गेले. लेकीच्या लग्नातलं जाकीट घातलं, पाळण्याशेजारी उभे राहिले आणि पस्तीस वर्षांची सगळी कला त्या फोनमध्ये ओतली. "मी हिम्मतराव. जिंदगीभर माल विकलाय, माल ओळखतो. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय! डोळे मिटून घ्या, शिशुकांचन!" शेवटी खुळखुळा वाजवला. आठवड्यात तो व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला. इतकी गिऱ्हाइकं गादीसमोर दिवाळीतही कधी बसली नव्हती.

दीड महिन्याच्या लसीसाठी बाळाला दवाखान्यात नेलं. हिम्मतरावांनी कौतुकाने डबाही पिशवीत घेतला होता. डॉक्टरीणबाईंनी आधीचं वजन काढून पाहिलं आणि चष्म्यावरून विचारलं, "बाळ आईच्या दुधावर छान वाढत होतं. मग डबा कुणी सुरू केला?"

"संध्याकाळी फार रडायचं, मॅडम. तिन्ही खुणा होत्या."

"या वयाची सगळीच बाळं संध्याकाळी रडतात आणि सारखी पितात. प्यायल्यानेच आईचं दूध वाढतं. डबा काही विष नाही. ज्या बाळाला खरी गरज असते त्याच्यासाठी तो आहेच. तुमच्या बाळाला नव्हती."

"पण जाहिरातीत..."

"जाहिरातीला बंदी आहे कायद्याने. म्हणून ती सल्ला होऊन येते. डब्यावर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"सगळं वाचलंय," म्हणत हिम्मतराव डबा घेऊन खिडकीशी, उजेडात गेले. आणि तिथे ते लेबलाकडे निरखून पाहू लागले. लेबल डब्याच्या मधोमध नव्हतं. जरा डावीकडे, जरा तिरकं होतं. लेबल असं तिरकं कधी लावतात, हे सुलतान बाजारात त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक होतं? साडीत जिथे धागा तुटलेला असतो, तिथे बरोबर वरून किमतीचं लेबल चिकटवायचं. पस्तीस वर्षं ते काम त्यांच्याकडे होतं. मालक म्हणायचे, हिम्मतरावांचा हात कुणाला दिसत नाही.

त्यांनी नखाने लेबल सोलायला सुरुवात केली. खाली ठळक अक्षरांत एक ओळ निघाली. आईचं दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम, असं खुद्द डब्यावरच छापलेलं होतं.

"माझं येत होतं, नाना," प्रणिता मागून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "येत होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे बघून ठरवायचं होतं. फोनकडे बघून ठरवलंत."

हिम्मतरावांना खूप वाईट वाटलं. त्यांनी डबा पुन्हा पिशवीत टाकला.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून प्रणिता बाळाला दिवसातून दहादा-बारादा छातीशी धरू लागली. सुशीलाबाईंनी खिरीचं पातेलं मोठं घेतलं. महिन्याभराने बाळ पुन्हा पिऊ लागलं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं बाटलीतूनच द्यावं लागे. ती बाटली हिम्मतराव रोज स्वतः घासत.

व्हिडिओ काढून टाका म्हणून त्यांनी शर्वरी मॅडमना फोन केला.

"काका, तो आता कंपनीचा आहे," खडीसाखर म्हणाली. "फॉर्मवर तुमची सही आहे ना."

खुळखुळा फार महागात पडला होता. आणि त्याच संध्याकाळी गौलीगुड्याहून बहिणीचा निरोप आला: भाची राणी बाळंत होऊन नऊ दिवस झाले, आणि मामाचा व्हिडिओ बघून तिने डबा मागवलाय. हिम्मतराव चपला घालतानाच रिक्षाला हाका मारू लागले.

राणीच्या खोलीत फळीवर डबा होता. सोनेरी, लालभडक लेबलाचा, अजून न फोडलेला. हिम्मतरावांचा जीव भांड्यात पडला.

"राणी, तो उघडू नक्को. संध्याकाळी सगळीच लेकरं रडतात. तू पाजत राहा."

"पण मामा, तुम्हीच तर सांगितलंत!" राणीने फोन पुढे धरला. जाकिटातले हिम्मतराव हसत होते.

"तो माणूस खोटं बोलतोय."

"तो माणूस तुम्हीच आहात ना?"

"हौ. म्हणून तर खात्रीने सांगतोय."

राणी गोंधळली. एकीकडे जाकिटातले मामा, ऐटबाज, पहाडी आवाजाचे. दुसरीकडे हे मामा, घामेजलेले, शर्टाची बटणं खालीवर लावलेले. माल म्हणून पाहिलं तर कुणीही पहिलेच उचलले असते. हिम्मतरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण पस्तीस वर्षांत त्यांना फक्त 'घ्या' म्हणायची सवय. 'नका घेऊ' कसं पटवायचं ते त्यांना येईना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "माझ्या प्रणिताचं दूध मी घालवलं, पोरी."

तेवढ्यात सहा वाजले आणि राणीचं बाळ रडायला लागलं. राणीने फळीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. हिम्मतराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत बाळ रडत राहिलं, बराच वेळ रडलं, आणि मग थांबलं.

"या मामा," राणीने हाक मारली.

ते भीत भीत आत आले. डबा फळीवर तसाच होता. बाळ राणीच्या पदराआड चुटूचुटू पीत होतं. आणि पलंगावर पडलेल्या फोनमध्ये व्हिडिओ पुन्हा सुरू झाला होता. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!"

"मामा, याला आधी गप्प करा," राणी म्हणाली. "बाळ दचकतंय."

हिम्मतरावांनी बटण दाबलं. राणीच्या फोनमधले हिम्मतराव गप्प झाले. बाकीच्या अकरा हजार फोनांमधले बोलतच राहिले.