इंजिनाचं पाणी

मारोतराव ड्रायव्हर गाडीत पाणी ओतण्याआधी ते स्वतः पिऊन बघत. थेंबभर नव्हे, चांगलं ओंजळभर. तोंडात घोळवत, डोळे मिटून गिळत आणि मग एक तर मान डोलावत, नाही तर रस्त्याच्या कडेला पचकन थुंकत. थुंकले की समजायचं, आता पुढच्या विहिरीपर्यंत थांबणं आलं.

मी तेव्हा येलदरीच्या धरणावर एका गुत्तेदाराकडे, म्हणजे कंत्राटदाराकडे, कारकून होतो. आठवड्यातून दोनदा कागदपत्रं घेऊन परभणीला जावं लागे, आणि जायचं ते मारोतरावांच्या गाडीतून. गाडी म्हणजे एका जहागीरदाराची अमेरिकन मोटार. निजामाचं राज्य गेलं, जहागीरदारानं बाडबिस्तरा गुंडाळला आणि गाडी आमच्या गुत्तेदाराकडे आली. गाडीबरोबर मारोतरावही आले. मूळचे राणीसावरगावचे, पन्नाशी उलटलेले, डोक्याला भला मोठा पांढरा पटका. धरणाच्या कॅम्पावर त्यांना झोपायला खोली दिली होती, पण ते गाडीशेजारी बाज टाकून निजत.

या गाडीला क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडत. परभणीत शहाणीसुरती माणसं खिडकीतून वाकून मारोतरावांच्या पायाशी तिसरं पायडल शोधत. मी एकदा सहज विचारलं, "हे चालतं तरी कसं?" आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांनी गाडी बाभळीखाली घेतली, बॉनेट उघडलं आणि मला उन्हात उभं केलं.

"हिचे गेर तेलावर चालतेत. चालून चालून तेल तापतं. मंग त्ये या नळीनं म्होरं येतं, रेडिएटरच्या बुडाशी पान्यात फिरतं आन निवून माघारी जातं."

"म्हणजे तेल पाण्यात मिसळतं?"

मारोतरावांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तुमच्या घरी वैनी दुधाचं पातेलं पान्याच्या परातीत ठेवतेत का न्हाई? दूध पान्यात मिसळतं का? पर निवतं ना? तसंच हाय हे. इंजिनबी त्याच पान्यावर, गेरबी त्याच पान्यावर. दोघांचं पानी येकच हाय, सायेब. पानी कमी पडलं का दोघंबी गेले."

"दोघांचं पानी येकच हाय" हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत बरळायला लागलो होतो. दर पाच-सहा मैलांवर गाडी थांबे. मारोतराव उतरत, आधी बॉनेटवर आणि मग खाली वाकून गिअरच्या पेटीवर पालथा हात ठेवत. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग निकाल देत: "जरासा ताप हाय. निवू द्या." रेडिएटरची शिट्टी बंद पडेपर्यंत ते टोपणाला हात लावत नसत. तोवर मी घड्याळ बघायचं आणि कचेरी बंद झालेली डोळ्यांपुढे आणायची.

पण माझं डोकं खरं फिरवलं ते त्यांच्या घागरीनं. जिंतूरजवळच्या एका मळ्यात गोड पाण्याची विहीर होती. तिथलं पाणी भरलेली तांब्याची घागर, वर ओलं फडकं बांधून, मागच्या डिकीत कायम असे. वैशाखात माझ्या घशाला कोरड पडलेली, आणि हाताच्या अंतरावर हे थंडगार पाणी!

"मारोतराव, एक पेला द्या हो."

"न्हाई सायेब. त्ये इंजिनाचं हाय."

"अहो, मी माणूस आहे!"

"तुमाला कंच्याबी हिरीचं चालतंय. खारं पानी हिच्या नळ्यात खडे धरतं."

एकदा वाटेतल्या गावात ते बाजारात गेलेले पाहून मी डिकी उघडली, पोटभर पाणी प्यालो आणि चोरी कळू नये म्हणून जवळच्या माळावरच्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यानं घागर भरून ठेवली. चांगली जिरवली म्हणून स्वतःवर खूषही झालो. निघताना मारोतरावांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. "सायेब, हे माळावरच्या हिरीचं पानी घागरीत काऊन?" मी आकाशाकडे बघत राहिलो. त्यांनी सगळी घागर रस्त्यावर ओतली आणि उलटं जिंतूरला जाऊन भरून आणली. कचेरी त्या दिवशीही बंद मिळाली.

घरी येऊन मी आदळआपट करत असे. माझी बायको कुसुम हसून म्हणायची, "तो गाडीचा ताप बघतो. तुम्ही माझा कधी बघितलात?"

तिचा ताप बघायची वेळ त्याच उन्हाळ्यात आली. तिला ऊन लागलं. सकाळी डोकं दुखत होतं, दुपारपर्यंत अंग तव्यासारखं तापलं आणि ती असंबद्ध बोलायला लागली. कॅम्पावरच्या कंपौंडरनं हात टेकले. म्हणाला, परभणीला न्या, वेळ घालवू नका. मी धावत मारोतरावांकडे गेलो. जाताना मनात एकच धास्ती होती: हा बाबा वाटेत विहिरी चाखत बसणार.

गाडीत निजवलेल्या कुसुमच्या कपाळावर त्यांनी पालथा हात ठेवला आणि गाडी सुरू केली. तशी गाडी मी त्यांना कधी हाकताना पाहिली नव्हती. जिंतूर मागं पडलं आणि एकाएकी त्यांनी गाडी थांबवली. माझा तोल सुटला.

"आता थांबलात तर मी तुम्हाला सोडणार नाही, सांगून ठेवतो!"

ते माझ्याकडे न बघता मागे गेले. घागर आणली, डोक्यावरचा पटका सोडला, पाण्यात बुचकळला आणि कुसुमच्या डोक्याला, गळ्याला गुंडाळला. "ह्यो वाळू देऊ नका," म्हणाले आणि घागर माझ्या पायाशी ठेवली. उरलेल्या वाटेत मी त्या पाण्यानं पटका भिजवत होतो, तिच्या ओठांवर थेंब सोडत होतो. बॉनेटवर कुणी हात ठेवला नाही.

बोरीच्या पुढे गाडीतून वाफ निघू लागली. गिअर धरेना. इंजिन गुरगुरायचं आणि गाडी रांगायची. जळक्या तेलाचा वास सुटला.

"घागरीत अजून आहे थोडं," मी म्हणालो.

"त्ये वैनीचं हाय."

रस्त्याकडेला एक विहीर दिसली. शिट्टी बंद व्हायची वाट न बघता त्यांनी धोतराच्या सोग्यानं टोपण फिरवलं. वाफ हातावर आली, तरी हात मागे घेतला नाही. इंजिन चालूच ठेवून त्यांनी विहिरीचं पाणी बादलीनं थोडंथोडं ओतलं. चाखलं नाही.

परभणीच्या दवाखान्याच्या आवारात गाडी कशीबशी शिरली आणि कडुलिंबाखाली कायमची बंद पडली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ताप उतरलाय, शुद्धीवर आल्या आहेत. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडलो. मारोतराव खांबाला टेकून बसले होते. भाजलेल्या हाताला कुणीतरी मलम लावलं होतं.

"तुमची गाडी गेली, मारोतराव," मी म्हणालो.

"जाऊ द्या." त्यांनी घागर जवळ ओढली. "माजी बायकूबी तापानं फनफनली व्हती. जहागीरदारानं हीच गाडी दिली. चांगला मानूस. पर मी येडा, घाईत पानी बघितलं न्हाई. अर्ध्या वाटंत गेर धरंना झाले. डिकीत येक थेंब न्हवता. ना गाडीला, ना तिला. मी हिरीकडं पळालो. पानी घेऊन आलो तवा तिचं अंग गार पडलं व्हतं."

गाडीचा ताप बघणारा तो हात मला आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

मारोतरावांनी घागर तिरपी केली. तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं. ते त्यांनी पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं. "घ्या सायेब. तुमी कवाधरनं मागायलाव."

मी एकच घोट घेतला. त्यांनीही सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मी पेला त्यांच्या हातात दिला. ते नको नको म्हणत होते. मग त्यांनी डोळे मिटले, पाणी तोंडात घोळवलं, हळूच गिळलं आणि मान डोलावली.