परीक्षकबाईंच्या कोलांटीची हकीकत

सकळ शहाण्यासुरत्या वाचकांचे सेवेसी, लेखणी झिजविणाऱ्या अदना माणसाची विनंती ऐसी जे, थोर थोर लढायांची वर्णने बहुतांनी लिहिली, हत्ती किती, तोफा किती, पडले किती आणि पळाले किती याची मोजदाद जाहली, परंतु तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात, सोफ्यावर बसून, पायाखाली दोन उशा घेऊन जे युद्ध जाहले त्याची दखल कोणी घेतली नाही. सबब आम्ही घेतली. यात हत्ती नाहीत. एक सासू, एक जावई आणि त्या दोघांचे मध्ये अकरा वर्षे चेंगरलेली एक लेक, इतकाच सरंजाम.

सासूसाहेब, ज्यांस अवघा मुलूख परीक्षकबाई म्हणे, त्या वाहन चालविण्याचे लायसन्स देणारे कचेरीत एकतीस वर्षे चाकरीस होत्या. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद आणि हाती पेन्सिल घेऊन त्या उमेदवाराचे शेजारी बसत, आणि ती पेन्सिल जराशी हलली की गाडी चालविणाऱ्याची गाळण उडे. ओरडणे त्यांचे शिस्तीत बसत नव्हते. त्या फक्त लिहीत. लिहिण्याचा आवाज ऐकून एका पहिलवानास घेरी आली आणि त्याने गाडी सरळ कचेरीचे फाटकास लावली, ऐसे जुने लोक सांगतात. खरेखोटे त्या फाटकास ठाऊक.

याच पेन्सिलीखाली आमचे जावईबुवा तीन वेळा शहीद जाहले. हे गृहस्थ चष्म्याचे दुकानात भिंगे घासत, स्वभावे गरीब, हात स्थिर, परंतु परीक्षकबाई शेजारी बसल्या की तो स्थिर हात लटलटा कापे. पहिले खेपेस आरशात पाहिले नाही. दुसरे खेपेस मागे येताना शंकू पाडिला. तिसरे खेपेस थांबण्याचे रेघेपुढे चाक चार बोटे गेले, आणि बाईंनी खाली उतरून ती चार बोटे स्वतःचे हाताने मोजली. मग हे महाशय कचेरीचे बाकावर तोंड पाडून बसले असता एक मुलगी आईचा विसरलेला चष्मा द्यावयास आली, आणि त्या चष्म्याची दांडी खिळखिळी पाहून यांनी खिशातील बारका पेचकस काढून ती तेथल्या तेथे आवळून दिली. तेणेकरून लायसन्स हुकले आणि परीक्षकांची कन्या पदरात पडली. लग्नानंतर, नात्यातल्या माणसाची परीक्षा घेऊ नये ऐशा कायद्यामुळे दुसऱ्या परीक्षकाने यांस पास केले, परंतु सासूबाईंनी तो निकाल कधी मानला नाही. “तुम्ही पास झाला नाहीत. परीक्षक बदलला,” इतकेच त्या बोलल्या, आणि अकरा वर्षांत जावयाचे गाडीस त्यांचे पाऊल लागले नाही.

ऐसे चालले असता बाईंचा उजवा गुडघा फितूर जाहला. वैद्यांनी तो काढून नवा बसविला आणि हुकूम फर्माविला की तीन महिने स्वतः गाडी चालवू नये, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहा वाजता फिजिओबाईंकडे व्यायामास हजर व्हावे. पहिले बारा दिवस लेकीने रजा घेऊन निभावले. ती पाण्याचे तपासणी खात्यात कामास, सकाळी सातास घर सोडणारी. रजा सरली आणि आता टॅक्सीवाचून इलाज नाही ऐसा प्रसंग गुदरला. पहिल्या टॅक्सीवाल्यास बाईंनी वळताना दिवा दिला नाही म्हणून भर रस्त्यात गाडी बाजूस घ्यावयास लाविली आणि नियम पाठ म्हणवून घेतला. दुसरा तर आपलीच टॅक्सी सोडून पायी चालू लागला. तिसऱ्याने नाव ऐकताच फोन ठेविला. मग दोन खेपा बुडाल्या, आणि फिजिओबाईंचा फोन आला की गुडघा आखडत चालला आहे, आणखी खेपा बुडाल्या तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल.

हे ऐकून लेकीचे डोळ्यांस पाणी आले. दुकान अकरास उघडते, दहा वाजता सोडून येतो, ऐसे जावईबुवा हात जोडून म्हणाले. परीक्षकबाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि फर्माविले की, “नापास माणसाच्या गाडीत मी बसत नाही. पाय राहिला तर राहिला.”

आता लेक ही त्याच आईची लेक. तिने तीन दिवस मसलत केली आणि चौथे दिवशी कपाटावरून नवऱ्याचा कॉलेजातला गेमचा डबा काढून टीव्हीस जोडिला. आईस सांगितले की पाय वर ठेवून बसायचे तर काही विरंगुळा हवा. तो खेळ बुटक्या गाड्यांचे शर्यतीचा. बारा गाड्या, रस्ता कधी समुद्रावरून, कधी ढगांतून, रेलिंग कोठेही नाही. जागोजाग रस्त्यावर पिवळे बाण रंगविलेले. त्यांवरून गाडी गेली की ती शेपटीस आग लागल्यासारखी उधळे. आणि जागोजाग चढाव, जे वर जाऊन मध्येच तुटत. तेथून गाडीने हवेत उडी घ्यावी आणि पलीकडे पडावे, ऐसी त्या मुलखाची रीत.

मग लेकीने तह लिहिला आणि फ्रिजवर चिकटविला. शर्यती तीन, दोन जिंकेल तो विजयी. जावई जिंकल्यास सासूबाईंनी निमूट त्याचे गाडीत बसून व्यायामास जावे आणि वाटेत अक्षर काढू नये. सासूबाई जिंकल्यास जावयाने त्यांजपुढे खऱ्या रस्त्यावर पुन्हा परीक्षा द्यावी, आणि नापास जाहल्यास लायसन्स कपाटात ठेवून बसने हिंडावे. परीक्षकबाईंनी कागद तीनदा वाचिला, एक ऱ्हस्व दीर्घ केला, आणि दस्तुरखुद्द सही केली. अकरा वर्षांचे दुखणे निकालात निघणार म्हणून त्यांचे मुखावर तेज आले होते.

पहिली लढाई रविवारी दुपारी जाहली, आणि तिचे वर्णन करिता लेखणी शरमते. शिट्टी होताच अकरा गाड्या सुटल्या आणि बाईंची गाडी उभीच राहिली, कारण त्या दिवा देण्याचे बटण शोधीत होत्या. मग त्या निघाल्या, आणि पिवळा बाण दिसताच त्यास वळसा घालून गेल्या. “रस्त्यावर हे कोणी रंगवलंय? परवानगी घेतली होती का?” ऐसी त्यांनी टीव्हीस विचारणा केली. तुटलेल्या चढावाचे टोकास त्यांनी ब्रेक मारिला आणि डावीकडे, उजवीकडे पाहिले.

“आई, थांबू नका, उडी मारायची तिथे,” जावईबुवा पुढच्या वळणावरून ओरडले.

“पुढे रस्ता नाही. रस्ता नसेल तर थांबायचं असतं. हे तुम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं.”

इतक्यात मागून एक गाडी येऊन आदळली आणि परीक्षकबाई समुद्रात गेल्या. यांत्रिक पाळण्याने त्यांस वर काढिले. त्यांनी पुन्हा ब्रेक मारिला, पुन्हा समुद्रात गेल्या. ऐसे सात वेळा. बारांत त्यांचा क्रम बारावा आला आणि जावईबुवा पहिले आले, आणि येथे त्यांनी ती चूक केली जी मोठमोठ्या सरदारांनी केली आहे. ते हसले.

दुसरे दिवशी घर रिकामे जाहले, लेक पाणी तपासावयास आणि जावई भिंगे घासावयास गेले, आणि परीक्षकबाईंनी डब्याचे खोक्यातून खेळाची माहितीपुस्तिका बाहेर काढिली. ही पुस्तिका पंधरा वर्षांत कोणी उघडली नव्हती. पाने एकमेकांस चिकटली होती. बाईंनी ती चाकूने सोडविली, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचावयास बसल्या. चौदावे पानावर लिहिले होते की, चढावाचे टोक सुटताना उजवे वरचे बटण दाबावे, म्हणजे गाडी हवेत कोलांटी घेते आणि जमिनीस लागताच दुप्पट वेग मिळतो. बटण न दाबल्यास वेग घटतो. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचिले आणि त्याखाली रेघ मारिली. लेखी होते. जे लेखी आहे ते पाळणे भाग, मग त्यात कोलांटी असो की आणखी काही, ऐसा त्यांचा एकतीस वर्षांचा इमान.

मग व्यायामाच्या खेपा बुडत असता चार दिवस दुपारी त्या घरात जो सराव जाहला तो भिंतींनीच पाहिला. टोकाआधी बटण दाबले तर कोलांटी नाही. टोकानंतर दाबले तर समुद्र. चौथे दिवशी शेजारीण साखर मागावयास आली ती दार ढकलून आत आली आणि पाहते तो बाई जिभेचे टोक दाताखाली धरून ढगावरून उलट्या जात आहेत. ती साखर न मागताच परत गेली.

शुक्रवारी संध्याकाळी दुसरी लढाई. जावईबुवा आधीच विजयी मुद्रेने बसले. शिट्टी जाहली आणि परीक्षकबाई पिवळ्या बाणांवरून गेल्या, एकही न चुकविता, आणि पहिल्या चढावावरून उडाल्या, गरगरल्या, आणि पडताच जावयाचे कानाशी वारा घालून पुढे निघून गेल्या. दुसऱ्या चढावावर तेच. रस्त्यातील बारीक उंचवट्यावरही, जेथे उडी असते हे जावयास पंधरा वर्षांत उमगले नव्हते, तेथेही त्यांनी कोलांटी घेतली. जावईबुवा नुसतेच उडत आणि बटाट्याचे पोत्यासारखे पडत. बाई अर्ध्या फेरीने जिंकल्या.

“चढावावर बटण का दाबलं नाहीत?”

“कुठलं बटण?” जावयाने विचारिले.

“पान चौदा,” बाई म्हणाल्या. “न वाचता गाडी चालवता. मला वाटलंच होतं.”

त्या शनिवारी चष्म्याचे दुकानात एका गिऱ्हाइकास दूरचे नंबराऐवजी जवळचा चष्मा मिळाला, कारण भिंगे घासणारा काउंटरखाली पुस्तिका धरून बसला होता.

रविवारी निकालाची लढाई. पडदे ओढिले, फोन बंद केले, आणि लेक मधोमध स्टुलावर बसली. शिट्टी जाहली. आता दोघांसही विद्या अवगत, सबब तुंबळ माजले. बाणांवरून बाण, चढावांवरून कोलांट्या, कधी सासू पुढे, कधी जावई पुढे, आणि इतर दहा गाड्यांकडे कोणी पाहीना. शेवटची फेरी लागली. शेवटचा चढाव दिसू लागला आणि त्यापलीकडे शेवटची रेघ. जावईबुवा हातभर पुढे होते. परीक्षकबाई गाडीबरोबर स्वतःही पुढे झुकल्या, टोक सुटले, त्यांनी बटण दाबिले, आणि त्या भरात फितूर गुडघा आपोआप वाकला, महिन्याभरात वाकला नव्हता इतका वाकला.

“आई गं!” ऐसी किंकाळी निघाली.

जावईबुवांनी कंट्रोलर फेकिला. टीव्हीकडे न पाहता ते उठले, सोफ्यापाशी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बाईंचा पाय दोन्ही हातांनी खालून अलगद तोलून धरिला. त्यांची गाडी बिनधन्याची रस्ता सोडून समुद्रात गेली. बाईंची गाडी कोलांटी घेऊन पलीकडे पडली आणि भेलकांडत रेघ ओलांडून गेली. तुतारी वाजली.

पाय धरणारा तो हात कापत नव्हता. बाईंनी हे पाहिले, आणि पाहिले ऐसे दिसू न देण्याची खबरदारी घेतली.

“शर्यत सोडून का उठलात?”

“तुम्ही ओरडलात, आई.”

“रेघ समोर होती.”

“हो,” जावई म्हणाले. “दुखतंय का अजून? हळूहळू सरळ करू?”

बाईंनी पाय सरळ करू दिला. मग थोड्या वेळाने त्यांनी आपले वस्त्र सारखे केले आणि आठवण दिली की विजय कोणाचा जाहला ते सर्वांनी पाहिले आहे, सबब तिसऱ्या कलमाचा अंमल व्हावा.

“झालाच पाहिजे,” लेक म्हणाली. “उद्या सकाळी साडेनऊला घे परीक्षा. गाडी खाली आहे. तू शेजारी बस, पुठ्ठा देते तुला.”

परीक्षकबाईंनी फ्रिजवरील कागदाकडे पाहिले. जिंकले तरी गाडीत बसणे, हरले तरी गाडीत बसणे, आणि खाली आपली सही. एकतीस वर्षांत ज्यांनी चार बोटांची चूक सोडली नाही त्यांजकडून हे निसटले, कारण त्या ऱ्हस्वदीर्घ पाहत होत्या.

“मसुदा तुझा होता,” त्या लेकीस म्हणाल्या.

“तुझ्याकडूनच शिकले,” लेक म्हणाली, आणि सातचे पाळीचा डबा भरावयास स्वयंपाकघरात निघून गेली.

सोमवारी साडेनऊ वाजता परीक्षकबाई, मांडीवर पुठ्ठा घेऊन, जावयाचे गाडीत दाखल जाहल्या. परीक्षेचा मार्ग कोणता, ऐसे जावयाने विचारिले. बाईंनी रस्ता सांगितला. तो योगायोगे फिजिओबाईंचे दारावरून जात होता. परीक्षा अठरा मिनिटे चालली. पेन्सिल चार वेळा हलली. जावयाचे कपाळावरून घाम ओघळून कॉलरीत गेला, परंतु दिवा प्रत्येक वळणास दिला, आणि रेघेआधी गाडी वीतभर मागे थांबली.

दारापाशी पोचल्यावर त्यांनी भीतभीत निकाल विचारिला.

“एका फेरीत निकाल लागत नसतो,” बाई म्हणाल्या. “निकाल राखून ठेवलाय. बुधवारी, साडेनऊला.”

“आणि शुक्रवारी?”

“शुक्रवारीही.”

मग जावयाने हात धरून त्यांस उतरविले, आत पोचविले आणि गाडी लावावयास ते बाहेर गेले. फिजिओबाईंनी गुडघा वाकवून पाहिला, नवल केले, आणि विचारिले की आज बरोबर कोण आले आहे.

“जावई,” परीक्षकबाई म्हणाल्या. “गाडी लावतायत. वेळ लागेल, नीट लावतात ते.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सासूसाहेब विजयी, जावईबुवाही विजयी, आणि मसुदा लिहिणारी त्या वेळी तिकडे पाणी तपासीत होती. जैसे घडले तैसे नोंदविले. ज्यास अधिक पुरावा पाहिजे त्याने सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी साडेनऊस त्या इमारतीखाली उभे राहावे, मात्र गाडीचे वाटेतून बाजूस राहावे.