दोन इंच सैल

टेलरमास्तरांनी दुकानाचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं, तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवायला चष्मा लागत होता आणि मोबाइलचा गजर लावायला मुलगी. पण हल्ली काय, संगणकाला तोंडी सांगितलं की तो प्रोग्रॅम लिहून देतो. सांगणाऱ्याला अक्कल आहे का, हे विचारत नाही. मास्तरांनी गिऱ्हाइकांची सगळी मापं त्यात भरली आणि वर हुकूम सोडला, "माप उघडलं की दोन इंच सैल धर."

"मापांची वही कुठे गेली?" बायकोने विचारलं. दुकानातली काजं-बटणं तीच करायची.

"रद्दीत."

"अहो, एखाद्या जाणत्याला दाखवून तरी घ्या."

"कशाला? आपल्या घरातच डोकं आहे. गेल्या वर्षी काठावर पास झालेली पोरगी यंदा वर्गात पहिली आली, ती काय उगाच?"

बायको पुन्हा काजांकडे वळली, कारण पोरगी खरोखरच पहिली आली होती.

मग मुलीच्या शाळेच्या हेडसरांचं काम आलं. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ, त्यासाठी कोट. कोट पसंत पडला तर जाता जाता सगळ्या शाळेच्या गणवेशांचं काम मास्तरांना देऊन जाईन, असा शब्द त्यांनी दिला. मास्तर हवेत तरंगू लागले. येईल त्याला ते संगणकावर हेडसरांच्या मापांचं पान उघडून दाखवत. पोस्टमनला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, सुई उसनी मागायला आलेल्या शेजारणीलाही सोडलं नाही. असं सहा जणांना. सातव्यांदा पान उघडलं ते कापड बेतायला.

कापड पुरेना. मास्तरांनी कापडवाल्याच्या नावाने बोटं मोडली आणि दीड मीटर आणखी आणवलं.

"छाती बावन्न?" बायको म्हणाली. "सरांची अडतीस आहे. माप घेताना मी इथेच होते."

"संगणक चुकत नाही. माणसं चुकतात."

"आणि ही बाही आहे की पायजम्याचा पाय?"

"तू काजं कर!"

तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. आता याला काय म्हणावं!

शुक्रवारी हेडसर आले, कोटात शिरले आणि दिसेनासे झाले. आरशासमोर ते वळले, कोट मात्र जागच्या जागी राहिला.

"हे काय आहे?" आतून आवाज आला.

मास्तर संगणकाकडे धावले. हातचे गणवेश गेले! त्यांनी पान पुन्हा उघडलं. छाती चौपन्न. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सर, चूक माझीच. प्रोग्रॅम मीच लिहिलाय. पान उघडलं की दर वेळी दोन इंच वाढतात."

आता सर काय काय बोलतात म्हणून मास्तर मान खाली घालून उभे राहिले. पण हेडसरांचा चेहरा उजळला.

"तुम्हीही लिहिता? अहो, यंदा शाळेच्या निकालाचं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलं! कच्च्या मुलांना दोन ग्रेस मार्क आपोआप. तुमच्या मुलीची तर मला इतकी काळजी, की मी रोज तिचं पान उघडून..."

ते थांबले. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने हातातल्या काजाकडे.

"रोज..." हेडसर पुटपुटले. "म्हणजे माझ्याही प्रोग्रॅममध्ये..."

"छे हो, सर!" मास्तर घाईघाईने त्यांच्या अंगातून कोट उतरवू लागले. "संगणक कधी चुकतो का? तुम्हीच बारीक झाला असाल."